खुराडं ठरवलेली शाळा

हा किस्सा मी बरीच वर्षं टाळत आलो. म्हणजे सांगितलाच नाही असं नाही. इथे अमेरिकेत, मॉरिसव्हिलमध्ये, कुणाकडे जेवायला जमलो की कुणीतरी म्हणतंच, “काका, तुम्ही वाचवलेल्या शाळेचं सांगा ना!” मी सांगतो. त्यात मी शाळा वाचवतो आणि लोक टाळ्या वाजवतात. खरं काय झालं, ते मात्र टाळलं.

मी सिव्हिल इंजिनिअर. नोकरीची शेवटची वर्षं एका छोट्या कन्सल्टिंग फर्ममध्ये काढली. एका गावाबाहेरचा दोन लेनचा रस्ता चार लेनचा करायचा होता. अशा कामात आधी रस्त्याकडेच्या जुन्या इमारतींची यादी करतात. पहिली फेरी गाडीतूनच मारायची, काचेतून बघायचं, फोटो काढायचे. त्याला विंडशील्ड सर्व्हे म्हणतात. दुसऱ्या फेरीत मात्र उतरून प्रत्येक इमारतीच्या आत जायचं. इमारत ऐतिहासिक ठरली तर रस्ता वळवतात. नाही ठरली तर बुलडोझर येतो.

दुसऱ्या फेरीत मी एका लाकडी, एका खोलीच्या इमारतीपाशी थांबलो. आजूबाजूला कोंबड्या चरत होत्या. मी गाडीचं दार उघडलं आणि कोंबडा आला.

तांबडा होता. आधी त्याने माझ्या बुटांकडे पाहिलं, मग तोंडाकडे, आणि मग धावत आला. मी आयुष्यभर पुलांवर चढलेला माणूस. अंगात पिवळं जॅकेट, डोक्यावर हेल्मेट. तरी उडी मारून गाडीत बसलो आणि दार लॉक केलं. कोंबड्याला दार उघडता येत नाही हे ठाऊक होतं. तरी लॉक केलं.

फॉर्म तिथेच, सीटवर बसून भरला. ‘वापर: कुक्कुटपालन.’ एकाच बाजूच्या भिंतीला पाच उंच खिडक्या होत्या. त्याविषयी लिहिलं, ‘कोंबड्यांना खेळती हवा मिळावी म्हणून.’ शेवटचा रकाना होता, ‘आतून पाहणी केली?’ मी ‘हो’वर खूण केली.

महिन्याभराने चर्चच्या हॉलमध्ये पब्लिक मीटिंग झाली. गावकऱ्यांना रिपोर्ट दाखवायचा, त्यांचं ऐकून घ्यायचं. पडद्यावर माझं खुराडं आलं तशी जांभळ्या हॅटमधल्या एक वयस्कर बाई उभ्या राहिल्या. त्यांना सगळे मिस लोरीन म्हणत.

“हे खुराडं? इथे मी सात वर्षं शिकले. मी काय अंडी घालत होते?”

हॉल हसला. मिस लोरीन हसल्या नाहीत. त्यांच्या लहानपणी गावात गोऱ्या मुलांसाठी विटांची शाळा होती, बस होती. काळ्या मुलांना तिथे पाय ठेवायची मुभा नव्हती. तेव्हा त्यांच्या आईवडिलांनी स्वतः लाकूड कापून ही खोली उभी केली. पहिली ते सातवी एकाच खोलीत, शिकवायला एकच बाई. गोऱ्यांच्या शाळेने टाकून दिलेली पुस्तकं इकडे यायची.

“आणि त्या खिडक्या,” त्या म्हणाल्या, “वीज नव्हती म्हणून. उजेड वहीवर पडावा म्हणून. कोंबड्या वाचत नाहीत, मिस्टर.”

माझा बॉस डग माझ्याकडे वळला. ऑफिसात मला सगळे ‘जे’ म्हणत. “जे, तू आत गेला होतास ना?”

सगळा हॉल माझ्याकडे बघत होता. मी म्हणालो, “मालकांनीच सांगितलं मला. म्हणाले, हे पहिल्यापासून खुराडंच आहे.”

मालकाला मी कधी पाहिलंही नव्हतं. तो दुसऱ्या रांगेत बसला होता आणि मिस लोरीनचा धाकटा भाऊ होता.

“मी?” मिस्टर कर्टिस म्हणाले.

“कर्टिस! तूही तिथेच शिकलास! तिसरीत तर दोनदा बसलास!”

“लोरीन, या माणसाला मी आज पहिल्यांदा बघतोय.”

“मग इंजिनिअर खोटं कशाला बोलेल?”

याचं उत्तर फक्त मला ठाऊक होतं. मी पाणी प्यायलो.

दुसऱ्या दिवशी डगने मला मिस लोरीनबरोबर साइटवर पाठवलं. कोंबडा धावत आला. त्यांनी त्याला उचलून पर्ससारखा काखेत मारला आणि आत शिरल्या. मी मागोमाग. समोरच्या भिंतीवर फळ्यांना काळा रंग देऊन केलेला फळा होता. छताला शेगडीच्या धुराड्याचं भोक. दाराच्या चौकटीवर मुलांची उंची मोजलेल्या खुणा आणि शेजारी नावं. सगळ्यात खालचं नाव कर्टिस.

मी रिपोर्ट बदलला. या वेळी सगळं मोजून, फोटो लावून लिहिलं. रस्ता वळला. आज तिथे छोटं म्युझियम आहे. उद्घाटनाला मिस लोरीननी मला मिठी मारली. भावाशी मात्र त्यांनी बोलणं टाकलं होतं. दर रविवारी त्या गाडीने चर्चला जात आणि कर्टिस त्याच रस्त्याने पायी.

रिटायर झाल्यावर एकदा हिंमत केली. बायकोने केलेला चिवड्याचा डबा घेऊन कर्टिसकडे गेलो. ते पोर्चवर बसले होते.

“मिस्टर जे, बरं झालं आलात,” ते म्हणाले. “त्या वेळी मी खरंच तसं म्हणालो होतो का हो? मला काही आठवत नाही. पण हल्ली बरंच आठवत नाही. म्हटलं, म्हणालो असेन. लोरीनची माफी मागून टाकली. आता ती गाडीतून नेते मला.”

मी तोंड उघडलं.

“यात मिरच्या आहेत,” मी म्हणालो. “जपून खा.”

पुढच्या वसंतात कर्टिस गेले. धंद्यातला धडा म्हणाल तर एवढाच, की ‘आतून पाहणी केली?’ या रकान्यासाठी गाडीतून उतरावं लागतं. मिस लोरीन अजून आहेत, पण त्यांना मराठी येत नाही. म्हणूनच मी हे मराठीत लिहितोय, तेही कळतं मला.

त्या दिवशी चिवडा घेऊन कर्टिसकडे जाताना गाडीत मी एक वाक्य वीसेक वेळा घोकलं होतं. ते असं होतं: “मिस्टर कर्टिस, तुम्ही तसं कधीच म्हणाला नव्हतात, मी खोटं बोललो, मला माफ करा.”