आवाज तर येतो ना

माझ्या मुलीला जन्मापासून ऐकू येत नाही. हे पहिल्याच ओळीत लिहितो, कारण पुढच्या सगळ्या प्रकारात नेमकी हीच गोष्ट सगळे विसरले, आणि त्यात मी सगळ्यांच्या पुढे होतो.

आमचं गाव दारव्ह्याजवळ. मुलगी बारावीचा अभ्यास घरूनच करते. ऐकू न येणाऱ्या मुलांसाठी एक संस्था खुणांच्या भाषेत धडे देते. पडद्यावर बाई हातांनी शिकवतात, मागे पालकांसाठी बोललेला आवाजही असतो. धडे संस्थेकडे नोंदवलेल्या कॉम्प्युटरवरच उघडतात, मोबाइलवर नाही. म्हणून जुना कॉम्प्युटर घेतला आणि आतल्या खोलीत कापसाच्या ढिगाशेजारी मांडला.

त्या आठवड्यात तिची चाचणी होती. बायको आजारी आईकडे पुसदला गेलेली. घरात मुलीशिवाय खुणांची भाषा बायकोलाच येते. मी शिकलो नाही. वेळ मिळाला नाही, असं लोकांना सांगतो. ते खोटं आहे. चारचौघांत हात हलवायची मला लाज वाटायची.

एका सकाळी मुलीने हात धरून मला आत नेलं आणि धडा लावला. बाईंच्या जागी हिरवा पडदा. त्यात चेहऱ्याचे तुकडे, अडकत अडकत सरकणारे. आवाज मात्र स्वच्छ. ज्याच्याकडून कॉम्प्युटर घेतला, त्या दुकानदाराला मी फोन लावला.

"काका, आवाज येते ना?"

"येते."

"मंग मशीन चांगली हाये. कापूस कुठी भरला?"

"बाजूलेच."

"थेच तं! रुई घुसली असन आत. कॉम्प्युटर हाये काका, गादी नोय."

मीही हसलो. कॉम्प्युटरचा डबा उघडून रंगाच्या ब्रशने रुई काढली. खरंच मूठभर निघाली, त्यामुळे माझी खात्रीच पटली. मुलगी मान हलवत होती, नाही, नाही. पुन्हा चालू केल्यावर तिने पडद्यावर एक चौकट उघडली आणि एकदा त्या चौकटीकडे, एकदा माझ्याकडे बोट दाखवलं. मला वाटलं, बिघाड मीच केला म्हणते. तिने वहीत काहीतरी लिहून पुढे केलं, ते न वाचताच मी तिच्यावर ओरडलो. जिला ऐकू येत नाही, तिच्यावर.

मग संस्थेला फोन केला.

"सर, ऑडिओ येतोय का?"

"येतो हो, पण चित्र..."

"ऑडिओ येतोय म्हणजे लेक्चर प्ले होतंय, सर. आमच्याकडून काही प्रॉब्लेम नाही."

ऐकू न येणाऱ्या पोरांची संस्था, आणि तिथे बसलेला माणूस विचारतो, आवाज येतो का! मी त्याला नको ते बोललो. अंगाची लाही लाही झाली होती. आणि एवढा संताप करून मी पुढे काय केलं? ओसरीत सोयाबीनची पोती शिवत बसलो. आतून धड्याचा आवाज यायचा आणि मला बरं वाटायचं, की पोरगी अभ्यास करते आहे. ती बिचारी चित्र सुधारलं का, हे बघायला तोच धडा पुन्हा पुन्हा लावत होती.

चाचणीच्या आदल्या दिवशी बायको परतली. आत गेली. मायलेकींचे हात भराभर चालले. ती बाहेर आली तेव्हा पिशवी अजून खांद्यालाच होती.

"अवो, तुमाले डोळे हायेत का नाही?"

"काहून? काय झालं?"

"पोरगी कव्हाची सांगून राह्यली. रातच्याले अपडेट झालं तवापासून बिघडलं. चित्राचं कार्ड चालवाचा नवा प्रोग्राम आला, ड्रायव्हर म्हंतेत त्याले, थो या जुन्या कार्डावर चालत नाही. जुना टाकाचा हाये. तुमचा पासवर्ड मांगते."

"मंग मांगाचा ना!"

"मांगतलाच तं तिनं! तुमी बरश घेऊन बसले होते."

पासवर्ड मीच घातला होता, मुलीने भलतंसलतं टाकू नये म्हणून. मी तो टाकला. मुलीने डिव्हाइस मॅनेजर, म्हणजे कॉम्प्युटरच्या भागांची यादी, उघडली, कार्डाचं नाव शोधलं, जुन्या ड्रायव्हरवर परत जाण्याचं बटण दाबलं. पडदा काळा होऊन पुन्हा उजळला. धडा लावला, तर बाईंचे हात दिसले, नीट, बोट न् बोट.

माझा राग अजून गेलेला नाही. दुकानदारावर आहे, संस्थेवर आहे, कुणाला न विचारता रात्री घरात शिरून चांगलं चाललेलं मोडणाऱ्या त्या अपडेटवर आहे. चुकलं असं कुणीच म्हणालं नाही. मीही मुलीला म्हणालो नाही. म्हणायला ती खूणच मला येत नव्हती.

उजळणीला खुणांनी प्रश्न विचारायला कुणीतरी हवं होतं. मी पुस्तक घेऊन तिच्याशेजारी स्टूल ओढलं. तिने शांतपणे पुस्तक माझ्या हातातून घेतलं, दाराकडे बोट केलं, मग आईकडे, मग स्टुलाकडे.

एवढं मला कळलं. मी उठलो आणि बायकोसाठी जागा केली.