विनीता आणि फिरी सरांचा वर्ग

सिडनीत, कॅसल हिलच्या कम्युनिटी हॉलमध्ये एका रविवारी तीस-चाळीस मराठी माणसं हातात खोडरबर घेऊन बसलेली मी पाहिली आहेत. समोर पुस्तकांचे ढीग. हुशार मुलं निवडून घेणाऱ्या सिलेक्टिव्ह शाळांच्या परीक्षेसाठी आपली पोरं जी सरावपुस्तकं सोडवतात, ती. पोरं परीक्षा देऊन मोकळी झाली, पुस्तकं वर्षानुवर्षं गॅरेजमध्ये पडली, आणि मराठी मंडळातल्या कोणाच्या तरी सुपीक डोक्यात आलं की पेन्सिलीची उत्तरं खोडली की पुस्तक नवं होतं आणि आफ्रिकेत पाठवता येतं. आफ्रिकेत नेमकं कुठे, हे तेव्हा ठरलंसुद्धा नव्हतं. एका हाताने रबराचा चुरा झाडायचा, दुसऱ्या हाताने समोसा. चेहरे असे, की आत्ताच रक्तदान करून उठलेत.

मी तिथे मंडळासाठी गेलो नव्हतो. हॉल साफ करणाऱ्या बायकांचं एक गाऱ्हाणं युनियनतर्फे घेऊन तिथल्या मॅनेजरशी भांडायला गेलो होतो. भांडण आटोपून बाहेर पडताना कोपऱ्यात विनीता दिसली. सगळ्यांत जोर लावून तीच खोडत होती.

विनीता सबनीस गिरावीनला आमच्याच बिल्डिंगमध्ये वरच्या मजल्यावर राहते. कराडला अकरा वर्षं गणित शिकवलेली बाई. इथे आल्यावर तिची बीएड कोणी धड मानली नाही. मग ती स्टेशनजवळच्या एका कोचिंग क्लासमध्ये शिकवायला लागली. दहा वर्षांच्या पोरांना शनिवार-रविवार घोकून घ्यायचं, आणि त्यांच्या आयांनी दारात उभं राहून विचारायचं की शेजारच्या पोराला किती पडले. नवरा वेगळा राहतो, मुलगा ब्रिस्बेनला नोकरीला. ती मला म्हणायची, "मी शिकवत नाहीये रे. घोड्यांना पळवतेय."

मंडळाच्या सेक्रेटरी चित्रलेखाताईंनी एक संस्था शोधली. ती मलावी नावाच्या देशात, झोम्बा शहराच्या पुढच्या एका खेड्यात फुकट शिकवणारा शिक्षक पाठवत होती. पुस्तकांबरोबर आपलं माणूस गेलं तर मंडळाचं नाव होईल, हा ताईंचा हिशोब. विनीताने हात वर केला. मी तिला तोंडावर सांगितलं की या संस्थांचं सगळं फोटोपुरतं असतं. ती चिडली. म्हणाली, तू सगळ्यांना चोर समजतोस, मला एकदा खरा वर्ग हवाय. जानेवारीत गेली.

तिथून ती मला व्हॉइस मेसेज पाठवायची, म्हणून तिचा दिवस मला ठाऊक आहे. पाच वाजता उठायचं, शेजारच्या अॅग्नेसबरोबर हातपंपावर रांग लावायची. मक्याचं पांढरंशुभ्र पीठ मिळतं म्हणून हिने भाकऱ्या थापायला घेतल्या, तेव्हा अॅग्नेस हसून जमिनीवर बसली. त्या पिठाचं तिथे घट्ट शिजवून न्सिमा करतात, आणि चांगलं पीठ तव्यावर जाळणारी बाई तिने पहिल्यांदा पाहिली होती. शाळा विटांची, वर पत्रा. पाऊस आला की पत्र्यावर एवढा आवाज, की शिकवणं बंद, सगळे नुसते बसून. सातवीच्या वर्गात एकशे चार मुलं, जमिनीवर. पुस्तकं नऊजणांत एक.

आणि ही मुलं ऐकायची. ती जे सांगायची त्यावर सगळा वर्ग एका आवाजात "येस मॅडम" म्हणायचा. सिडनीत आल्यापासून तिला एवढा मान मिळाला नव्हता. तिचा आवाजच बदलला होता. मेसेज ऐकताना मला वाटलं, आपण उगाच बोललो.

मार्चच्या सुरुवातीला तिने चाचणी घेतली. पुस्तकातलीच गणितं, पुस्तकं समोर ठेवून, उत्तरं वहीत. नव्वद टक्के मुलं पास. तिने ते मंडळाच्या ग्रुपवर टाकलं आणि मग काय विचारता. हात जोडलेले, टाळ्या वाजवलेल्या, तिरंगे. चित्रलेखाताईंनी फोटोंचं पोस्टर केलं, 'आपल्या पुस्तकांची किमया'. त्यातल्या एकाही मुलाचं नाव पोस्टरवर नव्हतं. मंडळाच्या कार्यकारिणीची अकराच्या अकरा होती.

दोन दिवसांनी वह्या नीट तपासताना विनीता अडखळली. एका गणितात आजोबांचं वय काढायचं होतं. एकाच घोळक्यात बसणाऱ्या नऊ मुलांनी एकमताने आजोबांना चार वर्षांचं केलं होतं. तिने त्यांना उभं केलं, विचारलं, आवाज चढवला. नऊच्या नऊजण एका आवाजात म्हणाले, "येस मॅडम."

शाळेच्या कुंपणाला लागून एक माणूस रोज विटा पाडायचा. मुलं येता-जाता त्याच्यापुढे थांबून, हलक्या टाळ्या वाजवून वाकायची. तिला वाटलं होतं, मोठ्या माणसाला तसा नमस्कार करत असतील. त्या दिवशी मधल्या सुट्टीत तो चिखलाचे हात पुसत दारापाशी आला. म्हणाला, "मॅडम, पान उन्हात तिरकं धरून बघा."

तिने धरलं. खोडलेल्या पेन्सिलीचे खळगे स्वच्छ दिसत होते. कॅसल हिलच्या पोरांनी दाबून लिहिलेली उत्तरं. ही मुलं ती उन्हात वाचून वहीत उतरवत होती. आणि चार वर्षांचे आजोबा कोणाचे, तेही तिला कळलं. पुस्तकाच्या आतल्या पानावर पुसटसं 'ओवी' होतं. ओवी म्हणजे चित्रलेखाताईंची मुलगी.

विनीताने त्याला विचारलं, तुम्हाला हे कसं माहीत. तो म्हणाला, "संध्याकाळी मुलं माझ्याकडे येतात. मॅडम आज काय म्हणाल्या, ते विचारायला."

त्याचं नाव फिरी. सहा वर्षं तो त्याच सातवीला गणित शिकवत होता. गावातल्या पालकांनी वर्गणी काढून ठेवलेला शिक्षक. मुलांच्या भाषेत समजावणारा. संस्थेने कळवलं की ऑस्ट्रेलियाहून शिक्षक येतोय, फुकट, वर पुस्तकांची खोकी. पालकांनी विचार केला, मग फिरीला कशाला ठेवायचं. डिसेंबरात त्याचा वर्ग गेला आणि तो विटा पाडायला लागला.

त्या दिवशीचा मेसेज फक्त अकरा सेकंदांचा होता. "मी त्याच्या खुर्चीवर बसलेय. त्याचं काम गेलंय, माझ्यामुळे." बस. मला राग आला, सरळ सांगतो. पण तिचा नाही. हॉलमधल्या त्या रबराच्या चुऱ्याचा.

दुसऱ्या दिवशी ती हेडमिस्ट्रेस मिसेस म्वालेंकडे गेली आणि म्हणाली, मी वर्ग सोडते, फिरींना परत घ्या. वाटलं होतं, बाई खूश होतील. पण त्या म्हणाल्या की संस्था रागावली तर छपरासाठी ती देणार असलेला पुढच्या वर्षीचा पत्रा येणार नाही, पालकांना काय सांगू. विनीताने विचारलं, तुम्हाला स्वतःला कोण हवंय. मिसेस म्वाले म्हणाल्या, "हे मला आजवर कोणी विचारलं नाही."

पालकांची सभा झाली. विनीताने सगळ्यांसमोर सांगितलं की माझं इंग्रजी तुमच्या मुलांना कळत नाही आणि नव्वद टक्के निकाल खोटा आहे. कराडला अकरा वर्षं मास्तरकी केलेल्या बाईने हे बोलणं म्हणजे काय, ते ज्याने कधी शिकवलंय त्यालाच कळेल. सोमवारपासून फिरी वर्गावर. विनीता मागे भिंतीला टेकून वह्या तपासायची आणि मुलांकडून त्यांच्या भाषेतले आकडे शिकायची. जुलैपर्यंत तशीच राहिली.

सभेत सांगितलं तेच तिने मंडळाच्या ग्रुपवरही लिहिलं. एकही अंगठा आला नाही. चित्रलेखाताईंनी मला फोन करून हळू आवाजात विचारलं, तिला डिप्रेशन वगैरे आलंय का, तिथलं वातावरण सोसलं नसेल. मी काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही.

ती परत आली तेव्हा मंडळाने तिचा सत्कार ठेवला. आग्रह करून बोलावलं. पडद्यावर तेच पोस्टर, तेच नव्वद टक्के. शाल घालायला ताई पुढे आल्या तर विनीता हात मागे बांधून उभी राहिली. शाल ताईंच्या हातातच. मग ताईंनी माइकवर पुढचा बेत जाहीर केला. मलावीच्या शाळेने कळवलंय की त्यांच्याकडे शिक्षक आहे, आता नको. ते पत्र मिसेस म्वालेंचं होतं, पत्र्याची पर्वा न करता लिहिलेलं. म्हणून मंडळाने आता केनियातली एक शाळा निवडलीय. सुट्टीत अकरावी-बारावीची मुलं तीन आठवडे शिकवायला जातील. ओवीही जाणार. मेडिसिनच्या इंटरव्ह्यूला असा अनुभव फार धरतात, हे ताईंनी तिथेच सांगून टाकलं, लाजबिज काही नाही.

विनीताने माइक मागितला नाही. जागेवरूनच विचारलं, "तिथे आत्ता कोण शिकवतं?"

ताई म्हणाल्या, "अगं, तिथे काही नाहीये, म्हणून तर जातोय ना."

"वर्ग आहे म्हणजे कोणीतरी शिकवतंय. नाव सांगा."

कोणाला माहीत नव्हतं. पन्नास माणसांत एकालाही नाही. ओवी पहिल्या रांगेत होती. ती आईला म्हणाली, "Mum, can we just ask them?" ताई म्हणाल्या, वडे गार होतायत, आधी खाऊन घेऊ. आणि लोक उठले. खरंच उठले. प्लेटा घेऊन रांगेत लागले, चटणी कुठली गोड आणि कुठली तिखट ते एकमेकांना विचारत.

विनीताने त्या केनियाच्या शाळेला स्वतः लिहिलं. आठवड्यात उत्तर आलं. तिथे सातवीला मिस वांजिकू शिकवतात, नऊ वर्षं झाली, आणि ऑस्ट्रेलियाची मुलं येणार म्हणून त्यांना सुट्टीत घरी थांबायला सांगितलंय. विनीताने ते उत्तर, नावासकट, जसंच्या तसं मंडळाच्या ग्रुपवर टाकलं.

वीस मिनिटांत तिला ग्रुपमधून काढलं.