हरभऱ्याचा राखणदार

शाळा अर्धवट सोडून मी कोकणातून सोलापूरच्या गिरणीत आलो. सुट्टीला तळ्याकाठी जायचो. तिथला हरभऱ्याचा राखणदार काही न विचारता मला अर्धी भाकरी द्यायचा. त्याच्या गोफणीचा दगड कधी चुकत नसे.

दिवाळीनंतर उत्तरेकडून करकोचे आले आणि थेट कोवळ्या हरभऱ्यात उतरले. मालक बांधावरून ओरडला, "मार की! पावणं हायत व्हय तुजं?"

मी हातातली भाकरी खाली ठेवून उभा राहिलो. राखणदाराने मात्र गोफण कमरेला गुंडाळली.

"व्हय की, मालक. लांबनं आल्यालं पावणं पयल्या दिशी उठवत न्हाईत. उद्या हाकलतो."

"उद्यापासनं तूच येऊ नगंस!"

"बरं," म्हणून तो पाखरांकडे बघत बसला. मीही लांबूनच आलेला, पण मालकापुढे माझ्या तोंडून शब्द फुटला नाही.