वीस घरांचा रस्सा

पौडच्या एस.टी.त मी पाय ठेवला तेव्हा कंडक्टरने माझ्याकडे बघितलंच नाही. तो माझ्या खांद्यावरच्या डेगचीकडे बघत होता.

"लग्नाचा स्वयंपाक का, मामा?"

"नाही. आजारी माणसाला सूप पाजायला चाललोय."

"एवढ्या भांड्यातून? माणूस आजारी आहे का हत्ती?"

अख्खी गाडी हसली. मी हसलो नाही. पुण्याच्या लष्करात बावीस वर्षं एका मेसचं सूप ज्याच्या हातून गेलं, त्याने असल्या हसण्याकडे लक्ष द्यायचं नसतं. गोरे साहेब मायदेशी गेले तेव्हा ही तांब्याची डेगची मला बक्षीस देऊन गेले. दर दिवाळीला मी तिला कल्हई करतो. माझं सूप इतकं नितळ, की बशीच्या तळावरची नक्षी वरून दिसावी. हाडं मोठ्या भांड्यात मोकळी शिजली तरच त्यांचं सत्त्व पाण्यात उतरतं, हे त्या तिकिटं फाडणाऱ्याला कोण समजावणार?

निघायला कारण घडलं ते अक्काच्या पत्राने. अक्का माझी थोरली बहीण, मुळशीच्या धरणावरच्या एका वाडीत दिलेली. दाजींना, म्हणजे तिच्या यजमानांना, मुदतीचा ताप येऊन गेला होता. ताप उतरला, पण अन्न काही जाईना. पौडच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, पातळ का होईना पोटात घाला, नाहीतर माणूस हाती लागायचा नाही. मी उलट टपाली कळवलं, "येतो आहे. आठ दिवसांत दाजींना उभं करतो." असा मी.

भूगाव, पिरंगुट मागे पडलं. कासार आंबोलीला एक बाई कोंबड्यांची पाटी घेऊन चढली आणि माझ्या शेजारीच बसली. मी तिच्याकडून एक काळी कोंबडी घेतली.

"गावरान हाय," ती म्हणाली. "दमानं शिजवा. घाई केली तर वातड व्हईल."

मला! तरी मी मान डोलावली, कारण तिचं म्हणणं खरं होतं.

पौडला खाटकाकडून बोकडाचे चार पाय घेतले आणि पुढे जाणारी एक बैलगाडी गाठली. मार्गशीर्षाचं कोवळं ऊन पडलं होतं. भात कापून झालेली खाचरं मोकळी पडली होती आणि बांधाबांधावर उडव्या (पेंढ्यांच्या गंजी) रचलेल्या होत्या. एका चढावर बैल दमले म्हणून गाडी थांबली आणि समोर धरणाचं पाणी दिसलं. डोंगराच्या पायापर्यंत पसरलेलं, निळं, अगदी गप्प.

गाडीवानाने कासऱ्यानेच बोट केल्यासारखं दाखवलं. "त्या टेकाडाखाली आमचं जुनं गाव हाय. समदी भातं पान्यात गेली. मंग आमी वर सरकलो."

वर सरकलेली ती वाडी म्हणजे वीस घरं, कुडाच्या भिंतींची. शेवटचं घर अक्काचं.

दाजींना बघून मला धक्का बसला. भाताचं पोतं एका हाताने पाठीवर घेणारा हा माणूस पडवीतल्या बाजेवर चादरीच्या घडीसारखा पडला होता. त्यांनी माझ्याकडे बघून जरासे ओठ हलवले, इतकंच.

मी अंगरखा काढला आणि कामाला लागलो. पाय जाळावर भाजले, खरवडले, कोयत्याच्या पाठीने नळ्या (पायाची पोकळ हाडं) फोडल्या. पाणी थंड असतानाच हाडं आत घालायची, हा पहिला नियम. वर येणारा फेस पळीने काढत राहायचं. उकळी फुटू द्यायची नाही, नुसता एखादा बुडबुडा यावा. आंबटपणाने हाडातलं सत्त्व सुटतं, म्हणून दोन आमसुलं. आलं, मिरी, भाजलेला कांदा. पाच तासांनी अंड्याचा पांढरा बलक घालून गाळ वर आणला आणि मलमलीतून गाळलं. सोन्यासारखं सूप. अक्का वाकून बघत म्हणाली, "ह्ये तर पानीच दिसतंय रं."

दाजींनी एक घोट घेतला आणि वाटी बाजूला सारली.

दुसऱ्या दिवशी कोंबडीचं केलं. ते त्यांनी ओठालासुद्धा लावलं नाही. तिसऱ्या दिवशी मीठ बदललं, मिरी कमी केली, वाटी बदलली. दाजींनी भिंतीकडे तोंड केलं. मला राग आला, आणि खरं सांगायचं तर भीतीही वाटली. आठ दिवसांतले तीन गेले होते आणि दाजींच्या मनगटावरचा दोरा कोपरापर्यंत सरकत होता.

"तापाने जीभ मेली आहे त्यांची," मी अक्काला म्हणालो.

"त्यांच्या जिभंचा दोष न्हाई, शंकर."

"मग माझ्या हाताचा?"

ती चुलीतली लाकडं पुढे सारत बसली.

चौथ्या दिवशी सकाळी वाडीतली माणसं हाक्याला (ओरडत रान उठवून केलेल्या शिकारीला) गेली. शेजारच्या धोंडिबाकडे परवान्याची ठासणीची बंदूक होती. दुपारच्या आत ते एक भेकर (लहान हरीण) घेऊन परतले आणि सरळ अक्काच्या अंगणात आले. मला नवल वाटलं. अक्काने सांगितलं, वाडी वर सरकली तेव्हा शिकारीच्या वाट्यांवरून भांडणं होत. मग सगळ्यांनी मिळून वाटे घालायला दाजींना बसवलं, आणि तेव्हापासून भांडण नाही. पळसाच्या पानांवर वीस वाटे पडायचे. ज्याने वाटे घातले त्याने सगळ्यांनी उचलल्यावर उरेल तो वाटा घ्यायचा. दाजींनी इतक्या वर्षांत कधी वाट्याकडे बोट केलं नव्हतं.

त्या दिवशी धोंडिबा सुरी घेऊन बसला. पानं मांडली, वाटे पडले, पण चारही नळ्या त्याने बाजूला काढल्या आणि माझ्या हातात दिल्या.

"ह्या दाजींला. समद्या."

वाडीने आपल्या ताटातलं चांगलं ते काढून दिलं होतं. मी नळ्या घेऊन चुलीकडे वळलो आणि मागून आवाज आला. बारीक, खरखरीत, पण आवाज.

"धोंडिबा. नळ्या समद्या मला? मंग बाकीच्यांनी काय चोखायचं?"

तीन दिवसांत दाजी पहिल्यांदा बोलले होते. त्यांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं.

"शंकरराव, तुमच्या त्या भांड्यात किती मान्सांचं व्हतं?"

"साठ साहेबांचं व्हायचं, दाजी."

"मंग वीस घरं जड हायेत का?"

मी हातातल्या नळ्या खाली ठेवल्या. तीन दिवस मी एकट्या माणसापुढे वाटी धरत होतो. ज्याने जन्मभर सगळ्यांच्या मागून घेतलं, त्याला मी सगळ्यांच्या आधी भरवत होतो. घोट उतरणार कसा? आणि अक्काला हे ठाऊक होतं! मी तिच्याकडे बघितलं तर ती म्हणाली, "तू आयकनार व्हतास व्हय?"

मग बघायचं होतं. घरोघरच्या बाया आपापल्या वाट्यातली हाडं घेऊन आल्या. पाठीचा कणा, खांद्याच्या फऱ्याची हाडं, मुंडी. कुणी घरात ठेवलेले बोकडाचे खूर आणले, कुणी कोंबडीचे पंजे आणि मान. अंगणात तीन मोठे दगड मांडून डेगची चढवली. मी नेहमीसारखा फेस काढत राहिलो, पण अंडं फोडलं नाही आणि मलमल काढलीच नाही. अक्काने शिजलेल्या हुलग्यांचं पाणी ओतलं, ठेचलेला लसूण टाकला. रंग गढूळ, तपकिरी. साहेबांनी परत पाठवलं असतं. पण वास असा सुटला, की खालच्या पायवाटेने चाललेली दोन माणसं येऊन कुंपणापाशी बसली.

ऊन कलायच्या आत रस्सा तयार झाला. दाजींनी बाज अंगणाच्या तोंडाशी आणायला लावली. पळी माझ्या हातात, हुकूम त्यांचा.

"पैली पळी त्या वाटंवरच्या दोघांला. धोंडिबाच्या सुनंला दोन वाढा, लेकुरवाळी हाय. म्हातारीला नळी नगं, दात न्हाईत, मगज द्या."

मी वाढत होतो आणि डोळा डेगचीत ठेवून होतो. बावीस वर्षांत कधी शेवटचा साहेब उपाशी राहिला नव्हता, पण तिथे पळीचं माप ठरलेलं असे. इथे दाजी सढळ हाताने वाटत सुटले होते. पंधरावं घर झालं. अठरावं झालं. पळी तळाला घासली. या माणसासाठी पेटवलेली चूल, आणि त्यालाच उरलं नाही तर?

मी डेगची तिरकी केली. एक वाटी भरली. भरून सांडेल अशी.

दाजींनी वाटी हातात घेतली, पण तोंडाला लावली नाही. "समद्यांना पोचलं?"

"पोचलं."

"तुमाला?"

"मी चाखलंय, दाजी."

"चाखनं येगळं."

त्यांनी अक्काकडून दुसरी वाटी मागवली. अर्धं अर्धं असं ओतलं की मेसच्या मापालाही जमलं नसतं. माझी वाटी माझ्या हातात दिली आणि वाट बघत बसले. मी प्यायलो. मग ते प्यायले. सावकाश, शेवटच्या थेंबापर्यंत, आणि वाटीच्या बुडातला हुलगा बोटाने काढून खाल्ला. अक्काने पदर डोळ्यांना लावला. मला तर अभिमान वाटला, आणि तो माझ्या हाताचा नव्हता, माझ्या माणसांचा होता.

त्यानंतर रोज अंगणात चूल पेटली. कधी बोकडाचे पाय, कधी कोंबडी, एकदा दोन ससे. आठव्या दिवशी दाजी काठी टेकत उभे राहिले. माझं पत्रातलं बोलणं खरं झालं, पण ते कुणामुळे, हे मी आता कबूल करतो.

निघताना डेगची उचलायला गेलो आणि हात आखडला. तिला तिथेच दगडांवर राहू दिलं. दाजींनी पळसाच्या पानांत बांधलेल्या नळ्या माझ्या हातात ठेवल्या. "पाव्हन्याचा वाटा."

परतीच्या गाडीत तोच कंडक्टर होता. "भांडं कुठंय मामा? हत्ती मेला का काय?"

"उभा राहिला," मी म्हणालो.

पुण्याला चाळीत पोचलो तेव्हा बायकोने आधी डेगचीच विचारली. दिवाळीला कल्हई करायचं काम वाचलं, असं सांगून मी घरातलं मोठं पातेलं चुलीवर ठेवलं. नळ्या फोडल्या, फेस काढला, गाळलं नाही. संध्याकाळी आमच्या मजल्यावरच्या नऊ खोल्यांत एकेक पेला पोचवला. बायको, पोरं प्यायली. मग मी पातेलं तिरकं केलं.

तळाशी पळीभरसुद्धा नव्हतं. बोटाने निपटून घेतलं, आणि बायकोला म्हणालो, असं सूप मी उभ्या जन्मात केलं नव्हतं.