ताईचा ड्रायव्हर आणि माझी इस्त्री

सदऱ्याला इस्त्री करायची म्हणून मी भिंतीतला एक प्लग उपटला. तो नेमका ताईच्या टेबलाखालच्या उघड्याबोडक्या संगणकाचा निघाला. एक बिघाड रंगेहाथ पकडायला ते मशीन तीन दिवस अखंड चालू होतं. "सदरा तरी नीट झाला का?" एवढंच ताईने विचारलं. ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

माझी ही थोरली बहीण डिस्कचा ड्रायव्हर लिहिते. ड्रायव्हर म्हणजे संगणक आणि डिस्क यांच्यामधला निरोप्या. आईला हे पंधरा वर्षांत कळलेलं नाही. "काहीतरी बारीक काम असतं तिचं," असं ती शेजारणींना भरतकामाबद्दल सांगावं तसं सांगते.

संगणकाचा आतला गाभा, म्हणजे कर्नेल, आपली कामं तिकीटखिडकीसमोर लावावीत तशी रांगेत लावतो. ताईच्या ड्रायव्हरचं एक काम मात्र अधूनमधून खिडकीशी पोचलं की हलायचंच नाही. मागचे सगळे ताटकळत. मग पडद्यावर एक ओळ उमटायची: हे काम फार वेळ अडवून बसलंय, त्याला वेगळ्या रांगेत हलवण्याचा विचार करावा.

ताईच्या साहेबांना ही ओळ फार आवडली. इतक्या आदबीने त्यांना घरीही कोणी काही सुचवत नसावं.

"मग हलवा की," ते फोनवर म्हणाले. "ओळ दिसली नाही म्हणजे झालं. सोमवारी ड्रायव्हर बाहेर, गिऱ्हाइकांकडे जायलाच हवा."

"आणि काम तिकडे जाऊनही तसंच अडून बसलं तर?"

"ते कुणाला दिसणारे?"

ड्रायव्हरवर नाव मात्र ताईचं जाणार होतं. तिने सोमवारपर्यंतची मुदत घेतली आणि त्यातले तीन दिवस मी इस्त्रीखाली घातले. पुन्हा बिघाडाची वाट बघायला वेळ नव्हता, म्हणून आता ती ड्रायव्हर ओळ न् ओळ वाचत बसली.

अपराधी माणसाला सेवा सुचते. मी दर दहा मिनिटांनी तिच्या दारात जाऊन उभा राहू लागलो.

"सापडलं का?"

"नाही."

"आता?"

चौदाव्या खेपेला तिने खुर्ची फिरवली. "मी उत्तर देईपर्यंत तू काय करतोस?"

"काही नाही. उभा असतो."

"अरे, हल की जरा," माझ्या मागून आई म्हणाली. ती धुण्याची बादली घेऊन कधीची खोळंबली होती.

ताईने माझ्याकडे बघितलं आणि ती एकदम पडद्याकडे वळली. तिचं ते काम हेच करत होतं. डिस्कला सेकंदाला हजारदा "झालं का?" विचारत खिडकी अडवून उभं. दुसऱ्या रांगेत धाडलं असतं तर तिथेही हेच केलं असतं. तिने ते विचारणंच काढून टाकलं. डिस्कचं आटोपलं की डिस्कने हाक मारायची, तोवर कामाने बाजूला व्हायचं.

सोमवार सकाळपर्यंत मशीन चाललं. त्या प्लगवर आईने चिकटपट्टी मारली होती. ओळ उमटली नाही.

"बघा, मी म्हटलंच होतं, ओळ जाईल म्हणून," साहेब म्हणाले, आणि ड्रायव्हर बाहेर गेला.

शोधात माझा वाटा उघड होता. ड्रायव्हरसोबतच्या आभाराच्या यादीत माझं नाव घाल, असं मी ताईला सांगून ठेवलं आणि दहा मिनिटांनी दारात गेलो. "घातलंस का?"

"घातलं की हाक मारीन, दारातून हल."