वंगणताई

प्रयोगशाळेत तिला नाव होतं, पण ते हजेरीपुरतं. एरवी सगळे तिला वंगणताई म्हणत, तोंडावरसुद्धा, आणि ती ओ द्यायची. बिचारी करणार काय? सरांची सगळ्यात जुनी विद्यार्थिनी ती, बरोबरीचे केव्हाच डॉक्टर होऊन गेले होते, आणि मागून आलेली पोरं तिला ताई म्हणता म्हणता तिच्या डोक्यावर बसली होती.

नावाला कारण होतं. हवा लागली की बिघडणारे पदार्थ करायचे तर काचेची भांडी एकमेकांत घट्ट बसवावी लागतात, आणि सांध्याला सिलिकॉनचं पांढरं वंगण लावावं लागतं. वाटाण्याएवढं पुरतं. ही बाई बोटभर लावायची. सांध्यातून ते ओघळायचं, चंबूच्या मानेत उतरायचं, तिच्या टेबलाला, खुर्चीला, ड्रॉवरच्या मुठीला लागायचं. तिच्याकडून पेन घेतलं तरी हात धुवावा लागे.

ही सवय घरची. आई कपडे शिवायची, आणि शिवणयंत्राला तेल घालायचं काम लहानपणापासून लेकीकडे. "हात आखडू नकोस गं," आई म्हणायची, "तेल कमी पडलं की मशीन रडतं." लेक शिकली, पदवीवर पदवी घेतली, पण हात काही आखडला नाही. वंगण कमी पडलं तर हवा आत शिरेल, या धास्तीने ती आणखी एक बोट फिरवायचीच.

काम मात्र साधं नव्हतं. धातूचे मोजके अणू एकत्र आणून त्यांचा एक पुंजका करायचा, डोळ्याला कधीच न दिसणारा, पिंजऱ्यासारखा. तो जमला की प्लास्टिकच्या लांब साखळ्यांत असे पुंजके मणी ओवावेत तसे ओवायचे. सरांनी हे स्वप्न तिच्या गळ्यात बांधलं आणि ते मोकळे झाले. ती घालायची पोटॅशियमचं जहाल द्रव्य, आणि चंबूच्या तळाशी उरायची काळी राळ. वर्षानुवर्षं राळ. "ताई, रस्ता करायचाय का?" असं पोरं विचारायची, आणि तीही हसण्यावारी न्यायची. मनातून मात्र तिला घरी जाऊन झोपून राहावंसं वाटायचं.

आणि मग एका दुपारी तळाशी फिकट पिवळे कण दिसले. मिठाहून बारीक, पण लखलखीत. तिने तो चंबू हातात धरला आणि कुणाला हाक मारायचंही तिला सुचेना.

सर खूश झाले. कण इतके बारीक होते की क्ष-किरणांनी त्यांची आतली रचना दिसेना, पण वजन मोजणाऱ्या यंत्राने सांगितलं की हा मोठाच पुंजका आहे, आणि असायला हवा त्याहून जरा जडच. जड का, ते कुणाला कळेना. चुंबकाच्या यंत्रातून आलेख काढला, तर सगळं छान, फक्त शून्याजवळ एक उंचवटा. तो काय आहे हे तिथल्या नवख्या पोरालाही ठाऊक होतं. तो वंगणाचा उंचवटा, म्हणजे मळ. भांडं नीट न धुणाऱ्याच्या आलेखात तो येतोच.

"ही बघा ताईंची सही," टापटीप म्हणाला, आणि सगळे खो खो हसले.

हा टापटीप म्हणजे सरांचा लाडका. त्याचं टेबल आरशासारखं, कोट इस्त्रीचा, भांडी कापडावर ओळीने मांडलेली. मुलगा वाईट नव्हता, खरं सांगायचं तर मदतीला नेहमी पुढे. सरांनी परिषदेत त्या पिवळ्या कणांची घोषणा करून टाकली आणि मग त्यालाच सांगितलं, तूही एकदा करून बघ. त्याने केलं, राळ आली. पुन्हा केलं, पुन्हा राळ. दुसऱ्या एका प्रयोगशाळेनेही करून पाहिलं आणि कळवलं, आमच्याकडे डांबर तयार होतं आहे, तुमची काही युक्ती आहे का?

वंगणताईने मात्र पुन्हा केलं, तेव्हा कण आले. फक्त तिच्याच हातून आले.

"माझा हातगुण असेल सर," ती भाबडेपणाने म्हणाली.

"हातगुण वैद्याला असतो," सर म्हणाले. "रसायनशास्त्रात त्याला दुसरा शब्द आहे."

तो शब्द त्यांनी उच्चारला नाही, पण तो प्रयोगशाळेभर फिरला. चहाच्या वेळी ती आली की बोलणं थांबायला लागलं. मग सरांनी तिला खोलीत बोलावलं. सर एरवी सगळ्यांना 'तू' म्हणत. रागावले की 'तुम्ही' म्हणत.

"माझ्यासमोर करून दाखवा. कण आले तर प्रबंधावर लगेच सही करतो. नाही आले तर मी काय समजायचं ते समजेन, आणि तुमची मुदतही संपतेच आहे."

झालं, सगळं एका चंबूवर येऊन ठेपलं. तिला प्रयोगाची भीती नव्हती. हाताला तो पाठ होता. तिला भीती होती ती हसण्याची. सरांच्या देखत सांध्यातून वंगण ओघळणार, सरांच्या बाहीला लागणार, आणि मागे पोरं तोंडावर हात धरून उभी राहणार. निदान या एका दिवशी तरी आपण स्वच्छ दिसावं, एवढीच त्या वेडीची इच्छा.

ती टापटीपकडे गेली. त्याच्याकडे नव्या पद्धतीची भांडी होती, सांध्यात प्लास्टिकची कडी, वंगणाची गरजच नाही.

"न्या की ताई," तो म्हणाला. "तुमच्यासाठी नाही तर कुणासाठी?" आणि कशी बसवायची तेही त्याने मनापासून दाखवलं.

तिने ती भांडी आणखी एकदा धुतली, वाळवली, पुन्हा धुतली. टेबल घासलं. केस घट्ट बांधले. सर येऊन उभे राहिले, हाताची घडी घालून, आणि मागे सगळी पोरं. तिच्या हातून एक थेंब सांडला नाही. इतकं नीटनेटकं काम तिने आयुष्यात केलं नव्हतं.

द्राव तपकिरी झाला. मग काळा.

तिने चंबू जरा हलवला, जणू हलवल्याने काही होणार होतं. तेवढ्यात मोरीपाशी उभा असलेला एकजण हळूच म्हणाला, "ताई, थोडं वंगण घाला."

हास्याचा असा स्फोट झाला की सरांनाही ओठ दाबावे लागले. तीसुद्धा हसली. सवयीने हसली, आणि मग तिचे डोळे भरून आले म्हणून तिने मान खाली घातली.

आता सर फाडून खाणार, या तयारीनेच ती संध्याकाळी त्यांच्या खोलीत गेली. नव्या काळ्या राळेचा आलेख तिने टेबलावर ठेवला. सरांनी जुना काढला, दोन्ही घेऊन ते खिडकीपाशी गेले आणि एकावर एक ठेवून काचेवर दाबून धरले. बराच वेळ बघत राहिले. ती दारापाशी उभी.

"जुने कण शिल्लक आहेत?" त्यांनी न वळता विचारलं.

"आहेत सर, थोडे. फ्रीजमध्ये."

"फ्रीजची किल्ली ठेवून जा." मग ते वळले. आवाज मऊ होता. "या तुम्ही."

ओरडले नाहीत, एवढ्यावरच ती विरघळली. लबाडीचा आरोप लेखी केला नाही, देवमाणूस आहे, असं तिने घरी आईला सांगितलं. म्हणजे आरोपाचं नाही सांगितलं, नुसतं देवमाणूस म्हणाली. आईला सांगितलं की चांगली नोकरी चालून आली, म्हणून डॉक्टर होणं जरा लांबणीवर टाकलं. नोकरी खरोखर लागली, रंगाच्या कारखान्यात. तळाला भोक असलेल्या कपात रंग ओतायचा आणि तो किती वेळात गळून जातो ते बघायचं. तिथे तिला कुणी टोपणनाव ठेवलं नाही. पण आपण लबाड नाही अशी खात्री तिला कधीच वाटली नाही. नकळत काहीतरी घाण केली असणार, घाणेरडीच मी, असं ती रंग गळताना मनाशी म्हणायची.

काही वर्षांनी सरांच्या सत्काराचं आमंत्रण आलं. कुटुंबासह यावे. आई हट्टालाच पेटली. लेक इतकी वर्षं जिथे राबली ते ठिकाण आणि तो देवमाणूस तिला बघायचाच होता. दोघी मधल्या रांगेत बसल्या.

टापटीप आता प्राध्यापक झाला होता. त्याने पडद्यावर पुंजक्याचं चित्र दाखवलं, तांदळाच्या दाण्याएवढ्या पिवळ्या स्फटिकांमधून मिळवलेलं. मग सर उठले. सर गोष्ट रंगवून सांगण्यात पटाईत.

"हा शोध कसा लागला सांगू?" ते म्हणाले. "आमच्याकडे एक मुलगी होती. भांड्यांना वंगण असं थापायची, असं थापायची की भिंतीला गिलावा करावा!"

सभागृह हसलं. आईही हसली.

"ते वंगण चंबूत उतरायचं. वंगण म्हणजे तरी काय, सिलिकॉन आणि ऑक्सिजनची लांब साखळी. ते जहाल द्रव्य तिचे तुकडे करायचं, आणि ते तुकडे धातूच्या अणूंभोवती पिंजऱ्याच्या भिंती होऊन बसायचे. आलेखात त्याचा उंचवटा रोज दिसत होता, आणि आम्ही सगळे शहाणे त्याला मळ म्हणत होतो. मग एकदा तिने स्वच्छ भांड्यात केलं आणि राळ आली. मी दोन आलेख खिडकीवर एकावर एक धरले, त्याच क्षणी मला कळलं. ती मागे दारातच उभी होती! त्यानंतर याने मोजून मापून, शास्त्रशुद्ध पद्धतीने ते तुकडे घातले, आणि पुढचं तुम्ही पाहिलंत."

त्यांनी टापटीपच्या खांद्यावर हात ठेवला. "त्या मुलीचं नाव मात्र सांगत नाही. उगाच बिचारीला लाज वाटायची."

हशा पिकला. टापटीपची नजर रांगांवरून फिरली, तिच्यावर आली आणि पडद्याकडे वळली. तिने सरांचे शब्द मनात पुन्हा म्हटले. त्याच क्षणी, म्हणजे ती किल्ली ठेवत होती तेव्हा.

आई हसता हसता डोळे पुसत होती. तिने लेकीच्या कानाशी तोंड नेलं. "कोण गं ती एवढी गचाळ? आईने काही शिकवलं नव्हतं वाटतं."

"शिकवलं होतं," ती म्हणाली, आणि टाळ्या वाजवू लागली, कारण सगळेच वाजवत होते.