पितरांची करवंटी

चांगुणाबाई कुणाही पुरुषाला पहिल्या भेटीत दोनच प्रश्न विचारी. "कुनाचा तू?" आणि त्याने उत्तर देण्याआधीच, "पयली कवा चाखलीस?" म्हणजे दारू. माझे वडील गावोगाव मुलांना देवी टोचत फिरणारे सरकारी नोकर. त्यांनाही तिने हेच विचारले. ते इतके गोंधळले की "अजून नाही," म्हणाले. तिने मान डोलवली. "मंग आमच्या पोरांना हात लावायला हरकत नाय."

मी तेव्हा तेरा वर्षांची होते. ठाण्याला मडमांच्या इंग्रजी शाळेत शिकत होते आणि सुट्टीत वडिलांबरोबर दिवा गावाच्या आसपास, मिठागरांच्या गावांत जात असे. मला आई नव्हती, घरी एकटीला ठेवणार कसे? शिवाय तिथल्या बायका आपली मुले परक्या पुरुषाच्या हाती देत नसत, माझ्या हाती देत. मी फारसे बोलत नसे, तेच बहुधा त्यांना बरे वाटे.

चांगुणाबाई धवलारीण होती. तिथल्या आगरी लोकांची लग्ने अशा बाईने धवले गाऊन लावायची रीत. ती विधवा होती, पण तिच्याइतकी गाणी दुसऱ्या कुणाला येत नसल्यामुळे त्याबद्दल कुणी अवाक्षर काढत नसे. गाण्याबद्दल तिला तांदूळ, लुगडे आणि दारूची एक बाटली मिळे. बाटली ती न लाजता मागून घेई आणि घरामागे खाडीच्या चिखलात ओतून येई. "मला दिली ना? मंग ती माजी. मी पाजीन नायतर बुडवीन."

तिचा नवरा तिशी गाठण्याआधी गेला, दारूने पोटात पाणी होऊन. सासराही तसाच गेला होता. मागे राहिला मुलगा गणू, मी पाहिला तेव्हा आठ वर्षांचा, दोन दात पडलेला.

त्या घराण्याची एक रीत होती. हळदीच्या दिवशी नारळाच्या करवंटीत दारू घ्यायची, दोन थेंब पितरांच्या नावाने जमिनीवर सांडायचे आणि उरलेली घरातल्या सर्वांत लहान मुलग्याला पाजायची. तिच्या पुतण्याच्या हळदीला मी बायकांत बसले होते. दुपारची वेळ होती. तिचा धाकटा दीर पांडू करवंटी घेऊन मांडवात आला आणि गणूला हाक मारू लागला. चांगुणाबाईने गाणे थांबवले. धवलारीण गप्प झाली म्हणजे लग्न थांबले.

"वयनी, गा ना गो!" पांडू म्हणाला.

"त्या पोराच्या तोंडाला ती लावू नको. मंग गाते."

"अगो, डाक्तर देवी टोचतात ना? आदी थोडी दिली का मोठी येत नाय. ही बी तशीच. आता चाखली का मोठेपनी चढनार नाय."

मांडवातल्या माना हलल्या. खरे सांगायचे तर मलाही ते क्षणभर पटले.

"तुला कवा टोचली रं पांडू?" तिने विचारले.

"सात वर्साचा व्हतो. याच करवंटीतनं."

"तुज्या दादाला?"

"त्याला बी."

"आन् तुज्या बापाला?"

पांडूने करवंटी या हातातून त्या हातात घेतली.

"मंग गुन कुटं गेला टोचन्याचा?"

"सगल्यांचंच तसं व्हतं का? त्यो शेजारचा जान्या बी पितो. मजेत शेत करतो."

"जान्याच्या घरात कोनी दारूनं मेला नाय. आपल्या घराला आग लागल्याली हाय. ज्याचं घर एकदा जललं, त्यानं चूल जपून पेटवावी. गणू मोठा झाल्यावर त्याचं त्यो ठरवील. आज दुदाचं दात पडल्याला पोरगा काय ठरवनार?"

मग ती एकदम माझ्याकडे वळली. "डाक्तरांचे पोरी, तू शिकलीस. सांग यांना, टोचतात ती देवी कनची असते?"

शंभर डोळे माझ्यावर होते. पळून जावेसे वाटत होते. पण गणू तिथेच उभा होता, करवंटीपासून हातभर अंतरावर. मी म्हणाले, "टोचतात ती गाईची असते. माणसाची नव्हे. म्हणून ती सौम्य."

"आयकलंस?" चांगुणाबाई उसळून म्हणाली. "पांडू, तुजी दारू कनच्या गाईची रं?"

मांडव हसून लोळला. म्हातारेही हसले. पांडूही हसला, पण त्याचा हात थरथरत होता. तो नेहमीच थरथरे. करवंटीतली दारू त्याच्या मनगटावरून ओघळत होती. त्याने त्या हाताकडे पाहिले, मग गणूच्या पडलेल्या दातांकडे. करवंटी त्याने तिथल्या तिथे उलटी केली.

"घ्या बाबांनो," तो पितरांना म्हणाला, "सगली तुमची."

चांगुणाबाईने असा काही सूर लावला की वाजंत्र्यांना तिला गाठताना धाप लागली.

पांडूची सुटली नाही. तिसऱ्या वर्षी तो गेला. पण तो असेपर्यंत त्यानेच दर लग्नात ती करवंटी आपल्या हाताने उपडी केली, कुणाला शिवू दिली नाही.

गणू वयात आला आणि त्याचे त्याने ठरवले. यंदा वैशाखात त्याचे लग्न झाले. मी मुद्दाम गेले होते. त्या घरातले नवरदेव पिढ्यान् पिढ्या सकाळपासूनच इतके प्यालेले असत की दोघांनी दंडांना धरून त्यांना बोहल्यावर न्यावे लागे. पुढे तीच रीत होऊन बसली होती. गणू मुंडावळ्या बांधून बाहेर येताच सवयीने दोन चुलत भाऊ पुढे झाले आणि त्यांनी त्याचे दंड पकडले.

चांगुणाबाई धवला मध्येच तोडून ओरडली, "सोडा रं त्याला! त्याचा त्यो उभा ऱ्हातो!"